नवजात अर्भकाच्या परीक्षणाची मराठी परिभाषा : एक चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेचा विचार मराठीत आजवर मुख्यतः दोन दृष्टींनी झाला आहे. पहिली दृष्टी व्युत्पत्तीची. तिच्या मते परभाषेतील शब्दाचे घटक सुटे करून त्यांना संस्कृत प्रतिघटक जोडले की पारिभाषिक शब्द सिद्ध होतो. दुसरी दृष्टी सुबोधतेची. शब्द सामान्य वाचकाला कळला पाहिजे, एवढीच तिची मागणी असते. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यानंतर जे परिभाषा कोश सिद्ध झाले, त्यांच्यावरील वाद बहुतेक याच दोन दृष्टींमधील आहे. वैद्यकाच्या क्षेत्रात, आणि त्यातही नवजात अर्भकाच्या परीक्षणाच्या क्षेत्रात, मात्र या दोन्ही दृष्टी अपुऱ्या पडतात. येथे शब्द वाचण्यासाठी नसून पाहण्यासाठी असतो. परिचारिका, दाई किंवा आशा कार्यकर्ती मुलाकडे पाहते, जे दिसेल त्याला नाव देते, आणि त्या नावावरून पुढील कृती ठरविते. नाव चुकले तर पाहणे चुकते, आणि पाहणे चुकले तर कृती चुकते. म्हणून या परिभाषेस तिसरी कसोटी लावली पाहिजे : शब्द ऐकणाऱ्या व्यक्तीला नेमके काय पाहावयाचे ते कळते काय? प्रस्तुत लेखात काही मूलभूत संज्ञा या कसोटीवर घासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

१

प्रथम खुद्द 'नवजात' या शब्दाचा विचार करणे इष्ट ठरेल. वैद्यकात जन्मापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांच्या मुलास ही संज्ञा लावतात. 'अर्भक' हा शब्द आरोग्यविभागाच्या लेखनात एक वर्षाच्या आतील मुलासाठी रूढ झाला आहे. 'अर्भक मृत्यूदर' या प्रयोगात तोच अर्थ अभिप्रेत असतो. 'बालमृत्यू' ही संज्ञा पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना व्यापते. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. परंतु भाषेच्या व्यवहारात ती टिकत नाही. वृत्तपत्रांत 'अर्भक' हा शब्द गर्भावस्थेतील मृत जीवासाठीही सर्रास योजला जातो. उलट घरगुती बोलीत 'तान्हे' हा शब्द वयाचा निर्देश न करता स्तनपानाचा निर्देश करतो, आणि म्हणून वर्षाचे मूलही तान्हेच असते. यांपैकी कोणताही शब्द सदोष नाही. प्रत्येकाची विभागणी वेगळ्या तत्त्वावर झाली आहे, एवढेच. जेथे दिवसांची मर्यादा महत्त्वाची आहे तेथे 'अठ्ठावीस दिवसांच्या आतील बाळ' असे सरळ म्हणण्यात परिभाषेची कोणतीही हानी नाही.

दिवसांचा प्रश्न निघाला की 'अकालजात' व 'अपुऱ्या दिवसांचे' या दोन शब्दांची तुलना अपरिहार्य होते. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजले जाते. 'अकाल' या शब्दात वेळेआधी येणे आणि अवेळी येणे हे दोन्ही अर्थ मिसळले आहेत. 'अकालमृत्यू' या शब्दाच्या सान्निध्यामुळे त्याला अशुभाची छटाही आली आहे. 'अपुऱ्या दिवसांचे' हा बोलीतील शब्द अधिक यथार्थ आहे, कारण व्याख्येत जे मोजावयाचे तेच त्यात सांगितले आहे. परंतु बोलीचे खरे सामर्थ्य याहून सूक्ष्म आहे. मराठीत महिना 'लागतो' आणि महिना 'भरतो'. 'सातवा लागला' आणि 'सात भरले' यांत एका महिन्याचे अंतर आहे, हे मराठी स्त्रियांना शिकवावे लागत नाही. वैद्यकाची व्याख्या 'भरलेल्या' आठवड्यांवर आधारलेली आहे. ज्या मातेला सदतिसावा आठवडा लागला आहे तिचे छत्तीसच आठवडे भरलेले असतात, आणि तिचे मूल व्याख्येप्रमाणे अपुऱ्या दिवसांचेच ठरते. 'सदतीस आठवड्यांपूर्वी' असे मोघम लिहिले की ही संदिग्धता निर्माण होते; 'सदतीस आठवडे भरण्यापूर्वी' असे लिहिले की ती नाहीशी होते. परभाषेतून शब्द आणण्याच्या घाईत भाषेजवळ आधीच असलेले साधन कसे विसरले जाते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

येथे एक इतिहासही लक्षात घेतला पाहिजे. १९५० च्या सुमारास 'अपुऱ्या दिवसांचे' आणि 'कमी वजनाचे' या दोन कल्पना आंतरराष्ट्रीय परिभाषेतच एक झाल्या होत्या : अडीच हजार ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाचे मूल म्हणजे अपुऱ्या दिवसांचे मूल, असे धरले जाई. १९६१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ही गल्लत दूर करून वजनासाठी निराळी संज्ञा योजण्याची शिफारस केली. आणि १९७६ पासून 'अडीच हजार किंवा त्याहून कमी' याऐवजी 'अडीच हजारांहून कमी' अशी मर्यादा मान्य झाली. दिवस पूर्ण भरूनही वजन कमी असलेली मुले भारतात मोठ्या संख्येने जन्मतात. त्यांची वाढ गर्भात खुंटलेली असते. त्यांना दिवस अपुरे पडलेले नसतात. म्हणून 'कमी दिवसांचे' आणि 'कमी वजनाचे' हे दोन शब्द मराठीतही काटेकोरपणे वेगळे राखले पाहिजेत. 'अशक्त बाळ' या एका शब्दाखाली दोघांनाही झाकण्याची सवय त्या दृष्टीने घातक आहे.

२

परिभाषेची खरी परीक्षा अ‍ॅपगार गुणपद्धतीच्या संदर्भात होते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी ही पद्धत १९५२ साली मांडली व १९५३ साली ती प्रसिद्ध झाली. जन्मानंतर एका मिनिटाने मुलाची पाच चिन्हे पाहावयाची : हृदयाच्या ठोक्यांची गती, श्वासाचा प्रयत्न, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि कातडीचा रंग. प्रत्येक चिन्हास शून्य, एक किंवा दोन गुण द्यावयाचे व त्यांची बेरीज करावयाची. पुढे पाचव्या मिनिटाची नोंदही रूढ झाली. सुमारे दहा वर्षांनंतर डॉ. जोसेफ बटरफील्ड यांनी अ‍ॅपगार यांच्या आडनावाच्या पाच रोमन अक्षरांवर पाच इंग्रजी शब्द बसवून एक स्मरणसंक्षेप तयार केला. त्या पाच शब्दांचा क्रमाने अर्थ रूप, नाडी, तोंड वेडेवाकडे करणे, हालचाल आणि श्वसन असा होतो.

इंग्रजीत हा संक्षेप सोयीचा आहे, कारण तो आठवणीची खुंटी आहे. त्यामागे मूळ चिन्हे शिकविलेली असतात. मराठीत मात्र संक्षेपातील शब्दांचे भाषांतर केले की खुंटी नाहीशी होते, कारण मराठी शब्दांच्या आद्याक्षरांतून अ‍ॅपगार हे नाव निघत नाही, आणि उरतात ती केवळ अंदाजी नावे. त्यांतून काय घडते ते दोन चिन्हांच्या बाबतीत तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिले चिन्ह स्नायूंच्या ताणाचे. मूळ पद्धतीत मूल पूर्ण लुळे असेल तर शून्य, हातपाय काहीसे मुडपलेले असतील तर एक, आणि ते जोमाने हलवीत असेल तर दोन गुण मिळतात. संक्षेपकर्त्याने सर्वांत वरच्या पायरीवरून 'हालचाल' हे नाव घेतले. आता केवळ 'हालचाल' हा शब्द वाचून जी व्यक्ती मुलाकडे पाहील, ती हातपाय मुडपून निश्चल पडलेल्या मुलास शून्य गुण देईल. कारण तेथे हालचाल नाही. वस्तुतः त्या मुलाच्या स्नायूंत ताण आहे आणि त्याला एक गुण मिळावयास हवा. शब्दाने येथे एक पायरीच पुसून टाकली.

दुसरे चिन्ह डिवचल्यावर मिळणाऱ्या प्रतिसादाचे. नाकपुडीत नळीचे टोक घातले किंवा तळपायावर टिचकी मारली असता मूल काहीच करीत नसेल तर शून्य, तोंड वेडेवाकडे करीत असेल तर एक, आणि शिंकत, खोकत किंवा रडत असेल तर दोन. येथे संक्षेपाने मधल्या पायरीचे नाव संपूर्ण चिन्हास दिले आहे. 'तोंड वेडेवाकडे करणे' हे ज्या तक्त्यात चिन्हाचे शीर्षक असेल, त्या तक्त्यात तोंड पुरते वेडेवाकडे करणाऱ्या मुलास दोन गुण मिळण्याचा संभव उघड आहे. एका ठिकाणी गुण कमी होतात, दुसऱ्या ठिकाणी वाढतात. आणि बेरीज बरोबर आली तरी ती योगायोगानेच बरोबर येते.

याला उपाय संस्कृत समास नव्हे. 'प्रतिक्षेप-उत्तेज्यता' हा शब्द मूळ इंग्रजी संज्ञेशी घटकशः जुळतो, परंतु तो वाचून कोणी मुलाला टिचकी मारणार नाही. 'डिवचल्यावर प्रतिसाद' असे म्हटले की काय करावयाचे आणि काय पाहावयाचे हे दोन्ही त्यातच येते. तसेच 'स्नायुताण' या शब्दाखाली 'लुळे', 'थोडे मुडपलेले', 'जोमाने हलविते' अशा तीन पायऱ्या दिल्या की तक्ता स्वयंस्पष्ट होतो. 'लुळे' हा मराठी शब्द येथे अत्यंत नेमका आहे. त्यात अशक्तपणा, निश्चलता आणि ताणाचा अभाव या तिन्ही गोष्टी एकवटल्या आहेत. 'नाडी' या शब्दाविषयीही सावधगिरी हवी. मराठी वाचकाच्या मनात नाडी मनगटाशी जोडलेली असते, तर नवजात मुलाचे ठोके छातीवर ऐकून किंवा नाळेच्या मुळाशी बोट ठेवून मोजतात. 'हृदयाचे ठोके' हाच शब्द येथे योग्य होय.

रंगाचे चिन्ह तर मुळातच वादग्रस्त आहे. सर्वांगाने गुलाबी मुलास दोन गुण, हातपाय निळे व धड गुलाबी असल्यास एक, आणि सर्वांग निळे किंवा पांढुरके असल्यास शून्य, अशी मूळ योजना आहे. 'गुलाबी' हा निकष गोऱ्या कातडीवरून घेतलेला आहे, हे स्पष्ट आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेशी संलग्न असलेल्या वंश व आरोग्य वेधशाळेने २०२३ साली या निकषावर याच कारणाने आक्षेप घेतला. सावळ्या मुलाच्या बाबतीत ओठ, जीभ व तोंडाच्या आतील भाग पाहावा लागतो. मराठी तक्त्यात 'अंगाचा रंग' असे न लिहिता 'जिभेचा व ओठांचा रंग' असे लिहिले, तर मूळ पद्धतीहून मराठी तक्ता अधिक निर्दोष होईल. परिभाषा ही केवळ अनुवाद नसून चिकित्साही असू शकते, ती अशी.

'स्कोअर' या शब्दासाठी 'गुणांक' हा प्रतिशब्द प्रचारात आहे. गणितात गुणांक म्हणजे राशीला गुणणारी संख्या. येथे तो अर्थ लागू नाही. 'गुण' हा शब्द साधा व योग्य आहे, परंतु त्याच्याबरोबर शाळेची परीक्षा येते. दहापैकी सात गुण मिळालेल्या मुलाविषयी आईबापांना ते बुद्धीचे माप वाटू लागते. अ‍ॅपगार गुण हे त्या मिनिटाची स्थिती सांगतात. पुढील बुद्धिमत्तेचे भाकीत करण्यासाठी ते नाहीत, आणि केवळ त्यांच्या आधारे श्वासाच्या अभावाचे निदानही करू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या व प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांनी २०१५ साली संयुक्तपणे स्पष्ट केले आहे. म्हणून 'जन्मस्थितीचे गुण' असा शब्द योजल्यास गैरसमज बराच कमी होईल.

३

संस्कृत परंपरेचा विचार येथे टाळता येत नाही, आणि टाळूही नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्यायात नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या कानाशी दगड आपटण्याचा, तोंडावर ऊन किंवा थंड पाणी शिंपडण्याचा व वारा घालण्याचा विधी सांगितला आहे. आधुनिक लेखकांनी त्यास 'प्राणप्रत्यागमन' असे नाव दिले आहे. नाळेस 'नाभिनाडी' व वारेस 'अपरा' हे शब्द तेथूनच मिळतात. काश्यपसंहितेतील वेदनाध्याय तर या विषयाच्या दृष्टीने फारच महत्त्वाचा आहे. ज्यास बोलता येत नाही अशा बालकाच्या चेष्टांवरून त्याची वेदना कशी ओळखावी, हाच त्याचा विषय होय. परंतु या ग्रंथांपासून मराठीने काय घ्यावे, याविषयी गोंधळ दिसतो. शब्द उचलले जातात, पद्धत मात्र राहून जाते. त्या ग्रंथकारांची पद्धत दिसणाऱ्या चेष्टेला नाव देण्याची होती. 'प्राणप्रत्यागमन' हा शब्द भव्य आहे. पण 'बाळाला श्वास देणे' हा शब्द काश्यपाच्या पद्धतीस अधिक अनुसरून आहे.

बोलीतील शब्द घेतले की सर्व अडचणी संपतात, असेही नाही. 'टाळू' हा शब्द मराठीत दोन जागांसाठी वापरला जातो : डोक्याच्या माथ्यावरील मऊ भाग आणि तोंडाच्या आतील छत. संस्कृतात 'तालु' हा शब्द मुख्यतः दुसऱ्या अर्थाचा आहे, तर मराठी घरात 'टाळू भरणे' म्हणजे पहिल्या जागी तेल घालणे. नवजात मुलाच्या परीक्षणात दोन्ही जागा पाहावयाच्या असतात : पहिली खोल गेली आहे की फुगली आहे हे, आणि दुसरी दुभंगलेली आहे काय हे. तक्त्यात नुसते 'टाळू : ठीक' असे लिहिलेले असेल तर कोणती टाळू पाहिली हे कोणालाच सांगता येणार नाही. 'माथ्याची टाळू' व 'तोंडातील टाळू' असा भेद करणे भागच आहे.

'कावीळ' या शब्दाची अडचण निराळी आहे. वैद्यकास कातडीचा पिवळेपणा हे एक चिन्ह आहे. पुष्कळ निरोगी मुलांत ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते व आपोआप नाहीसे होते. मराठीत मात्र कावीळ हा रोग आहे, आणि रोग म्हटला की झाडपाला व उतारा आलाच. उलट चोवीस तासांच्या आत दिसलेला किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचलेला पिवळेपणा धोक्याचा असतो. चिन्हासाठी 'पिवळेपणा' आणि उपचार आवश्यक असलेल्या अवस्थेसाठी 'कावीळ' असा विभाग केला, तर भीतीही कमी होईल आणि निष्काळजीपणाही.

प्रतिक्षिप्त क्रियांच्या नावांतही असाच विवेक हवा. बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९१८ साली वर्णिलेल्या क्रियेला त्यांनी जर्मनमध्ये कवटाळण्याचे नाव दिले होते. आधार एकाएकी काढला की मूल हात फाकते व मग कवळ घातल्याप्रमाणे ते जवळ आणते. तिला 'दचकणे' म्हणणे सोपे आहे, परंतु दचकण्यात हात फाकणे व जवळ आणणे असा क्रम अनुस्यूत नाही. नुसते 'मोरो' म्हटले तर मराठी वाचकाला एखाद्या पंतांची आठवण होईल! 'कवळण्याची क्रिया' हे नाव मूळ वर्णनाशी प्रामाणिक आहे. गालाला स्पर्श होताच मूल तोंड वळवून स्तन शोधते, त्या क्रियेच्या इंग्रजी नावात झाडाचे मूळ नसून नाकाने उकरणारे जनावर आहे. तेथे 'मूळ' हा प्रतिशब्द योजणे हास्यास्पद ठरेल. आणि दूध पिण्याच्या बाबतीत तर मराठी समृद्धच आहे. 'चोखणे' बोटाचेही असते, 'लुचणे' स्तनाचेच असते, आणि 'ओढणे' यात जोर सांगितला जातो. 'बाळ लुचते पण ओढत नाही' हे आईचे वाक्य म्हणजे एक संपूर्ण वैद्यकीय निरीक्षण आहे. त्यास 'चूषण-प्रतिक्षेप मंद' असे रूप दिले की त्यातील अर्धा अर्थ गळून पडतो.

४

सर्वांत गंभीर प्रश्न दोन शब्दांचा आहे : 'श्वासावरोध' आणि 'उपजत मृत्यू'.

जन्मतः श्वास सुरू न होणे किंवा सुरू होऊन न टिकणे, या अवस्थेस इंग्रजीत जी ग्रीक संज्ञा लावतात तिचा मूळ अर्थ 'नाडीचा अभाव' असा आहे. म्हणजे व्युत्पत्ती आणि वैद्यकीय अर्थ यांची फारकत मुळातच झालेली आहे. मराठीत तिच्यासाठी 'श्वासावरोध' हा शब्द रूढ झाला. अवरोध म्हणजे अडथळा. हा शब्द ऐकणारा मनुष्य घशात काहीतरी अडकले असावे असे समजतो व ते काढण्याच्या मागे लागतो; 'गुदमरणे' या शब्दाने तर कोणीतरी किंवा कशानेतरी गुदमरविले असा आरोपही सूचित होतो, आणि तो बहुधा दाईवर किंवा आईवर येतो. पुष्कळदा वस्तुस्थिती अशी असते की मार्ग मोकळा आहे, परंतु मूल श्वास घेण्यास आरंभच करीत नाही. त्याला पुसून कोरडे करणे, पाठ चोळणे आणि तरीही श्वास न आल्यास पिशवी व मुखवट्याने हवा देणे, ही कृती त्या मिनिटात व्हावयास हवी. 'श्वास सुरू न होणे' असे म्हटले की कृतीची दिशा शब्दातच मिळते.

'उपजत मृत्यू' हा शब्द जन्म-मृत्यूच्या नोंदणीत मृत जन्मलेल्या मुलासाठी वापरला जातो. 'उपजत' याचा सामान्य अर्थ जन्मापासूनचे, जन्मतः असलेले. त्यामुळे जन्मताच काही क्षणांत मेलेले मूलही त्या शब्दात सहज बसते. कायद्याची व्याख्या मात्र तशी नाही. १९६९ च्या जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे, गर्भारपणाचा काळ कितीही असो, आईपासून पूर्णपणे बाहेर आल्यावर ज्या मुलाने श्वास घेतला किंवा जिवंतपणाचे दुसरे कोणतेही चिन्ह दाखविले, त्याचा जन्म हा जिवंत जन्म होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत हृदयाचे ठोके, नाळेचे स्पंदन व स्नायूंची निश्चित हालचाल ही चिन्हे स्पष्टपणे नमूद आहेत. त्यात रडण्याचा उल्लेख नाही. बोलीत मात्र 'रडले नाही' आणि 'मेलेलेच झाले' ही दोन वाक्ये फार लवकर एकमेकांच्या जागी येतात. ज्या मुलाच्या नाळेत स्पंदन होते पण जे रडले नाही, त्याची नोंद कोणत्या रकान्यात होईल, हे पुष्कळ अंशी नोंद करणाऱ्याच्या मनातील शब्दावर अवलंबून असते. ते 'उपजत' ठरले तर त्याचा जन्मही मोजला जात नाही आणि मृत्यूही मोजला जात नाही. त्याला वाचविता आले असते काय, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. त्याऐवजी 'मृतजात' हा शब्द अधिक निःसंदिग्ध आहे, कारण तो मृत्यू जन्मापूर्वी झाला असे स्पष्ट सांगतो, आणि म्हणून तो वापरण्यापूर्वी मनुष्याला खात्री करून घ्यावी लागते.

या शब्दविचाराचा व्यवहाराशी संबंध नाही, असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना नवजात मुलांची घरी जाऊन तपासणी व काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यांचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे ही पद्धत देशभर स्वीकारण्यात आली. अशा पद्धतीचा पाया हाच की अल्पशिक्षित स्त्रीने रडणे, श्वास व हातपायांचे चलन यांत 'नाही', 'क्षीण' आणि 'जोराचे' असा भेद पाहावा व नोंदवावा. म्हणजे जी पायऱ्यांची विभागणी अ‍ॅपगार यांनी शस्त्रक्रियागृहासाठी केली, तिचीच नातलग अशी एक विभागणी झोपडीतही चालू शकते. तिच्यासाठी लागणारी परिभाषा मराठीत नव्याने घडवावी लागत नाही. ती निवडावी लागते.

५

वरील विवेचनावरून काही नियम निष्पन्न होतात. पहिला असा की, भाषांतर चिन्हाचे करावे, त्या चिन्हाच्या परभाषेतील नावाचे करू नये. स्मरणसंक्षेपाचे तर मुळीच करू नये. दुसरा असा की, ज्या चिन्हाला पायऱ्या आहेत त्याचे नाव कोणत्याही एका पायरीवरून देऊ नये. तिसरा असा की, बोलीतील शब्द घेताना त्याच्या दुसऱ्या अर्थाची चौकशी करावी व आवश्यक तेथे विशेषण जोडून तो निश्चित करावा. चौथा असा की, ज्या शब्दाने कारण गृहीत धरले जाते तो शब्द, कारण सिद्ध होण्यापूर्वी, चिन्हासाठी वापरू नये.

संस्कृतनिष्ठ संज्ञांना या व्यवस्थेत स्थान नाही, असा याचा अर्थ नव्हे. विकृतिशास्त्रात, अध्यापनात, वैद्यावैद्यांतील चर्चेत त्या आवश्यक आहेत. तेथे कारणे व प्रक्रिया यांचे विवेचन असते आणि त्यासाठी अमूर्त शब्द लागतातच. परंतु प्रसूतीच्या खोलीत लावलेला तक्ता, आशा कार्यकर्तीच्या हातातील नमुना आणि नोंदणीच्या पुस्तकातील रकाना यांची परिभाषा वेगळ्या हेतूने घडली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात मराठीतून वैद्यक शिकविण्याचे वर्ग चालत असत. हा प्रश्न मराठीपुढे नवीन नाही. आजवर तो ग्रंथाच्या बाजूने सोडविण्याचा प्रयत्न झाला. जेथे मूल जन्मते त्या खोलीच्या बाजूने तो सोडविण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते भाषाशास्त्रज्ञ, परिचारिका व वैद्य यांनी एकत्र बसूनच करावे लागेल.